आधी बटण बंद, मग बाळ

यमुनाबाई न्हाणीत बसल्या की ती न्हाणी त्यांची. घर वकिलाचं असो, मास्तरांचं असो, नाहीतर बंदरावरच्या एखाद्या खलाशाचं असो. तेवढा वेळ घरमालकाला तिथं कोणी विचारत नाही. लुगडं गुडघ्याच्या वर खोचून त्या पाटावर बसतात, दोन्ही पाय सरळ पुढे पसरून नडग्या एकमेकींना चिकटवतात आणि हात वर करून फक्त "आना" म्हणतात. म्हणजे बाळ आणा. त्या नडग्यांच्या खोबणीत रत्नागिरीतली किती पोरं उपडी पडली असतील, कोणास ठाऊक. मी एकदा अंदाज केला होता. वर्षाला पंचवीस धरली तरी पस्तीस वर्षांत पावणेनऊशे होतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "पोरं मोजू नयेत, भाऊ. माडावरचे नारळ मोजावेत."

त्या मूळच्या मंडणगडकडच्या. डोंगरातलं गाव, पंधराव्या वर्षी लग्न होऊन मिरजोळ्याला आल्या. नवरा मुंबईला गोदीत होता. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. एका वर्षी तो आला नाही, त्याच्या आजारपणाचं पत्र आलं, आणि पत्रापाठोपाठ त्याची ट्रंक घेऊन गाववाला आला. सासू तेव्हा शहरात बाळंतिणींना न्हाऊ घालायची. तिने सुनेला सुतकानंतर महिन्याभरात आपल्याबरोबर घेतलं. "घरात बसून रडलीस तर डोळे जातील, पोरं न्हाणलीस तर पोट भरेल," असं ती म्हणाली म्हणे. सासू गेली, तिची घरं यमुनाबाईंकडे आली, आणि मग त्या घरांतल्या मुलींच्या मुलीही. माझ्या मुलीला, राहीला, त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. त्यामुळे राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हटल्यावर कोणाला बोलवायचं, हा प्रश्नच आमच्या घरात निघाला नाही. प्रश्न निघाला तो पाण्याचा.

ही गोष्ट १९८५ च्या दिवाळीनंतरची. आमच्याकडे तोवर न्हाणीतल्या चुलवणावर तांब्याचा हंडा असे. खाली झावळ्या आणि नारळाची सोडणं. पाणी चांगलं कढत होई, पण धूरही तितकाच होई. जावईबापू राहीला पोहोचवायला आले तेव्हा खोक्यात गुंडाळलेला गीझर घेऊनच आले. "धुराने बाळाचे डोळे चुरचुरतात," म्हणाले. त्यांच्या डोंबिवलीच्या घरी दोन वर्षांपासून गीझर होता. आमच्या आळीतला तो पहिला.

बसवायला अकबर होडेकर आला. अकबर सात वर्षं बहारीनला वायरमन होता. परत येऊन त्याने बाजारात दुकान टाकलं. काम चोख, पण बोलणं फार. गीझर भिंतीवर चढवायला त्याला दीड तास लागला आणि अर्थिंगची जागा शोधायला अख्खी दुपार. हातात पहार घेऊन तो परसात फिरत होता. दोन ठिकाणी खणून त्याने खड्डे सोडून दिले.

"भाऊ, हा आपला कातळ," तो मला म्हणाला. "पावसाळ्यात ठीक. पण फाल्गुनापासून हाडासारखा कोरडा. त्यात तांब्याची पट्टी पुरली काय न् खिशात ठेवली काय, सारखंच."

शेवटी तो न्हाणीच्या मागच्या माडापाशी थांबला. आमच्या न्हाणीचं सांडपाणी पूर्वीपासून त्याच माडाच्या बुंध्याशी जायचं. तिथली माती बारमाही ओली. तिथं त्याने पुरुषभर खोल खणून पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, आणि तार आणून गीझरला जोडली.

यमुनाबाई त्या दिवशी न्हाणी बघायला आल्या होत्या. बाळंतपणाआधी एकदा येऊन पाट, घंगाळ, पाण्याचं पिंप सगळं बघून जायची त्यांची पद्धत. त्या खड्ड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय रे अकबर, माडाला मीठ घालतोस?"

"माडाला नाय, मावशी. विजेला."

"वीज मीठ खाते?"

"ऐका," अकबर हात झटकत म्हणाला. "या मशिनात विजेची कांब पाण्यात बुडवलेली असते. कधी चुकून वीज कांबेच्या बाहेर आली तर ती पाण्यात येनार, नळात येनार. तिला जमिनीत जायचं असतं. वाट नाय मिळाली तर जो कोन नळाला हात लावील त्याच्या अंगातून जाईल. तुमी तर उघड्या पायांनी पाण्यात बसनार. म्हनून तिला आधीच ही वाट करून दिली."

यमुनाबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजे इजेची मोरी."

"बराबर! विजेची मोरी." अकबर खूश झाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि भाऊ, ही मोरी ओली पाहिजे. न्हाणीचं पाणी इथं येतंय तोवर अर्थिंग जिवंत. हे ध्यानात ठेवा."

मी मान हलवली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, तीस वर्षं कचेरीत घालवलेली. कागदावर आलं की गोष्ट पक्की झाली, अशी माझी समजूत. गीझरबरोबर इंग्रजी माहितीपत्रक होतं. त्या रात्री मी त्याचं मराठी करून सुवाच्य अक्षरात सात नियम लिहिले आणि न्हाणीच्या दारावर चिकटवले. आधी नळातून पाणी येतंय याची खात्री करावी, मगच बटण लावावं. ओल्या हाताने बटणाला शिवू नये. खालची झडप ठिबकली तरी ती बुजवू नये. असं सगळं. अकबरने माडापाशी सांगितलेलं माहितीपत्रकात नव्हतं, म्हणून ते माझ्या कागदावरही आलं नाही.

मार्गशीर्षात राहीला मुलगी झाली. यमुनाबाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "ह्ये काय लिवलंय? वाच बघू."

राही खाटेवरून उठून दारात आली आणि एकेक नियम वाचू लागली. यमुनाबाई प्रत्येकाला "हूं" म्हणत होत्या. पाचवा नियम आला. "बालदीत अगर घंगाळात आधी थंड पाणी घ्यावे, नंतर त्यात गरम पाणी सोडावे."

"थांब," यमुनाबाई म्हणाल्या. "ह्ये कोनी लिवलं?"

"भाऊंनी," राही म्हणाली.

मी आतून आलो. "माहितीपत्रकात आहे ते. मी फक्त मराठी केलं."

"ते पत्रक लिवनाऱ्याच्या घरात त्या दिवशी कोन गेलं व्हतं काय?"

माझी बायको विमला तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग गंभीर झाली. "अहो, गार पाण्यात कढत पाणी कधी घालतात ते माहीत नाही का तुम्हाला?"

मला माहीत होतं. आमच्याकडे जिवंत माणसाचं पाणी म्हणजे आधी कढत आणि मग त्यात विसणाचं गार पाणी. उलटं करतात ते फक्त मेलेल्याच्या शेवटच्या आंघोळीला. मी लहानपणापासून हे ऐकत आलो होतो. पण इंग्रजीतून मराठीत लिहिताना माझ्या हाताला ते जाणवलं नव्हतं.

"पण त्याला कारण आहे," मी म्हटलं. "आधी घंगाळात कढत पाणी असलं आणि लहान मुलाचा हात त्यात गेला, तर? म्हणून आधी थंड."

मला वाटलं, आता वाद होणार. पण यमुनाबाई म्हणाल्या, "त्येचंबी खरं हाय." मग बराच वेळ त्या घंगाळाकडे, नळाकडे, दाराबाहेरच्या बटणाकडे आणि त्यावरच्या लाल दिव्याकडे बघत होत्या. एखादं नवीन कपाट खोलीत कुठे बसेल ते बघावं तशा.

"आसं करूया," अखेरीस म्हणाल्या. "पानी आपल्या रीतीनंच व्हईल. कढत, मग इसन, मग मी कोपर घालून बघीन. पन पानी पुरं व्हईस्तवर पोर या दाराच्या आत येनार नाय. आनि पोर यायच्या आधी ते बटान बंद. आधी बटान बंद, मग बाळ. काय?"

मी पाचवा नियम खोडून त्यांचा नियम लिहिला. माहितीपत्रकात तो नव्हता, पण त्यातल्या साती नियमांपेक्षा मला तोच अधिक पक्का वाटला. त्यात कढत पाण्याची भीतीही गेली आणि विजेचीही, आणि कोणाच्या मनाला टोचलंही नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज नऊ वाजता एक कवायत चाले. यमुनाबाई गीझरच्या नळाखाली घंगाळ भरून घेत, विसण घालत, कोपर बुडवून बघत. मग आतून ओरडत, "बटान?"

विमला बाहेरून बटण वर सारून म्हणे, "बंद!"

"दिवा?"

"गेला!"

"आना."

मग राही बाळाला घेऊन आत जाई. खोबरेल तेल, डाळीचं पीठ, साय. यमुनाबाई पाण्याची धार बाळावर थेट पडू देत नसत. आपल्या तळहातावर घेऊन तिथं ती फोडत. बाळ आधी रडे, मग पालथं पडल्यावर गप्प होई, आणि यमुनाबाई त्याच्याशी बोलत राहत: "काय ग बाय, आजोबा हापिसात ग्येले काय? जाऊ देत, जाऊ देत. त्येंचा कागद वल्ला व्हईल न्हायतर." कचेरीला निघताना मला हे ऐकू येई आणि माझा तो दिवस जरा बरा जाई.

गीझरचं त्यांना पुढे पुढे कौतुक वाटू लागलं. धूर नाही, डोळे पुसणं नाही. दुसऱ्या घरी जाऊन त्या सांगत, "भाऊंकडे भिंतीवर हंडा टांगलाय. लाकूड नको का फुंकर नको." आळीतल्या बायका तो हंडा बघून गेल्या.

जानेवारीत मी एक सुधारणा केली. माडाच्या बुंध्याशी सांडपाण्याचा चिखल असायचा आणि त्यावर डास. बाळ घरात, तेव्हा ते मला बघवेना. मी रघू गवंड्याला बोलावलं. त्याने न्हाणीच्या भोकाला सिमेंटची नळी जोडून पाणी परसाच्या दुसऱ्या टोकाला शोषखड्ड्यात नेलं. माडापाशी मी खडी पसरून घेतली. डास गेले. जागा कोरडी, स्वच्छ. मी दोन दिवस येताजाता तिकडे बघून समाधान मानलं.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका गुरुवारी, यमुनाबाई न्हाणीतून बाहेर येऊन म्हणाल्या, "भाऊ, नळ चावतोय."

"चावतोय म्हणजे?"

"हात लावला की झिनझिन्या. मुंग्या डसल्यावानी."

मी आत गेलो. नळाला हात लावला, तसाच धरून ठेवला. काहीच नाही. शुक्रवारी त्या पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा जाऊन बघितलं. काहीच नाही. मी म्हटलं, आणि आज ते आठवलं की बरं वाटत नाही, "यमुनाबाई, वय झालं की हाताला मुंग्या येतात. डॉक्टरांना दाखवा एकदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शनिवारी त्यांनी नळ उघडायला कोरडं फडकं आणलं होतं.

त्याच शनिवारी संध्याकाळी आमच्या विहीणबाई आल्या. आठवड्याभराने राहीला आणि नातीला डोंबिवलीला न्यायचं होतं. बाई मूळच्या मालगुंडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या, स्वतः चार मुलं वाढवलेल्या. नातीवर त्यांचा जीव होता हे दिसत होतं, म्हणूनच रविवारी सकाळी त्या स्वतः न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

यमुनाबाई फडक्याने नळ उघडायला गेल्या. फडकं ओलं झालं असावं. त्यांचा हात एकदम मागे आला, आणि दुसऱ्या हातातला पितळी तांब्या खण्णकन् फरशीवर पडून गडगडत गेला. बाळ राहीकडे, दाराबाहेर होतं. तरी दचकून रडायला लागलं.

"काय झालं?" विहीणबाई म्हणाल्या.

"नळ चावला."

"नळ कधी चावतो का?" विहीणबाईंनी विमलाकडे बघितलं. "अहो, यांचे हात कापतात. तुमच्या लक्षात नाही आलं? उद्या या हातांतून बाळ पडलं तर?"

यमुनाबाई उठल्या. बाहेर आल्या, पाय पुसले. कोनाड्यातली वाटी घेतली, तीत खोबरेल तेल काठोकाठ ओतलं, इतकं की तेल काठावर फुगून राहिलं. आणि ती वाटी उजव्या हाताच्या तळव्यावर ठेवून हात सरळ विहीणबाईंच्या समोर धरला. मी उभा होतो तिथून मला तेलाचा पृष्ठभाग दिसत होता. हलला नाही. मग वाटी डाव्या हातात घेतली. तरीही नाही.

"सांडलं काय?"

"नाही सांडलं," विहीणबाई म्हणाल्या. "पण मग तांब्या का पडला? भाऊ, तुम्ही बघितलात ना नळ? काही होतं?"

खरं तेच मला सांगावं लागलं. "मला काही जाणवलं नाही."

"मग राहू दे उद्यापासून. आठवड्याचा प्रश्न आहे. मी घालीन आंघोळ. आजही मीच घालते."

यमुनाबाईंनी वाटी कोनाड्यात ठेवली. माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, "भाऊ, हात कापतात असं एकदा नाव झालं की संपलं. या गावात कोन माज्या पायावर पोर देईल?"

विहीणबाई पदर खोचून न्हाणीकडे निघाल्या होत्या. यमुनाबाईंनी ते बघितलं आणि पुढे होऊन दार अडवलं.

"मी नको तर नको, वैनी. माजं काय ते माजं. पन त्या नळाला तुमी हात लावू नका. आनि पोर घेऊन तर आत जाऊच नका."

"म्हणजे?"

"अकबर येऊन बघीस्तवर नाय."

त्यांनी बटण वर सारलं. लाल दिवा गेला. मग खांद्यावरचं दुसरं, कोरडं फडकं घेऊन त्यांनी ते बटणावरून फिरवलं आणि तारेच्या पट्टीला दोन गाठी मारून बांधून टाकलं. "राही," त्या म्हणाल्या, "तुज्या लेकराची शप्पत घालत नाय, पन ही गाठ कोनी सोडली तर मला सांग." आणि चपला घालून त्या फाटकातून बाहेर पडल्या.

विहीणबाई रागावल्या होत्या. "कमाल आहे! आपल्याच घरात आपल्याला बंदी?" पण गाठ त्यांनी सोडली नाही. मला वाटतं, ज्या बाईला आताच नको म्हटलं तीच जाता जाता नातीची काळजी करून गेली, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

तासाभरात यमुनाबाई अकबरला घेऊन आल्या. तो सायकल हातात धरून चालत होता, त्या पुढे. उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काय भाऊ, मावशी म्हणते नळ चावतो," अकबर म्हणाला. "तुमी बघितला?"

"दोनदा बघितला. काही नव्हतं."

"कधी बघितला? आंघोळीआधी की नंतर?"

"नंतर. त्या बाहेर आल्यावर."

"म्हणजे बटण बंद झाल्यावर." त्याने माझ्या पायांकडे बघितलं. "आणि रबरी स्लिपर घालून."

मी खाली बघितलं. स्लिपर होत्या.

"बाळ आत येण्याआधी मावशी बटण बंद करते. म्हणून बाळाला कधी काय झालं नाय, न् म्हणूनच तुमाला कधी काय सापडलं नाय. वीज येते ती फक्त पाणी भरताना. तेव्हा आत कोन असतं? एकटी मावशी. उघड्या पायांनी."

त्याने गाठ सोडली, आम्हा सगळ्यांना दारापासून मागे सारलं, बटण लावलं आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. टेस्टरच्या पोटातला लहान दिवा पेटला. दिवसाउजेडी तो फिका दिसत होता, पण पेटलेला होता. विहीणबाई पुढे वाकून बघत होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नळाचा दात," अकबर म्हणाला आणि बटण बंद केलं. मग तो मागच्या दाराने बाहेर गेला. आम्ही त्याच्यामागे. माडापाशी येऊन तो थांबला, खडीकडे बघितलं, पायाने थोडी खडी बाजूला केली. खालची माती पांढुरकी पडून भेगाळली होती.

"भाऊ, इथलं पाणी कुठं गेलं?"

मी शोषखड्ड्याकडे हात दाखवला. "मीच वळवलं. डास होत होते."

अकबर फक्त म्हणाला, "बारा कळशा पाणी काढा."

विहिरीचं पाणी मी काढलं. रघू गवंड्याला बोलावता आलं असतं, पण मला ते दुसऱ्याकडून करून घ्यायला लाज वाटली. बारा कळशा माडाच्या बुंध्याशी ओतल्या. मातीने सगळं पाणी घोटाघोटाने आत घेतलं. थोडा वेळ जाऊ दिल्यावर अकबरने पुन्हा टेस्टर लावला. दिवा मंद झाला होता. आणखी सहा कळशा. मग तो विझलाच.

"मशिनातल्या कांबेत बारीकसा दोष असणार, कदाचित पहिल्या दिवसापासून," अकबर सांगू लागला. "पण अर्थिंग तो गिळत होतं. माती सुकली, अर्थिंगने गिळायचं सोडलं, न् सगळं आलं नळात. अजून थोडं वाढलं असतं तर नुसत्या मुंग्या नसत्या आल्या. कांब बदलायला पाहिजे. चार दिवस मशिन माझ्याकडे. आणि ती नळी आजच काढा."

मी म्हटलं, "यमुनाबाई, चूक माझी. तुम्ही तीनदा सांगितलंत."

"तुमाला काय ठावं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायात चपला." यात टोमणा होता की समजूत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अकबरने गीझर उतरवून सायकलीला बांधला. विमलाने चुलवण पेटवलं. तीन-चार महिन्यांनी न्हाणीत सोडणांचा धूर भरला, आणि बाळाची आंघोळ त्या दिवशी दुपारी साडेबाराला निघाली. हंडा कढत झाल्यावर यमुनाबाई मागच्या पायरीवरच बसून राहिल्या. त्यांना कोणी नाही म्हटलं नव्हतं आणि कोणी या म्हटलं नव्हतं. सकाळी जे बोललं गेलं होतं ते ज्यांनी बोललं त्यांनीच मागे घ्यायला हवं होतं. राही बाळाला घेऊन दोघींच्या मधे उभी होती.

विहीणबाईंनी तिच्याकडून बाळ घेतलं. पायरीपाशी आल्या.

"यमुनाबाई, मी सकाळी बोलले ते चुकीचं होतं. तुमचे हात कापत नाहीत. हे मी या घरात म्हणते, आणि आळीतल्या कोणी मला विचारलं तरी हेच सांगेन."

यमुनाबाईंनी मान हलवली. उठल्या नाहीत.

"आणि अजून एक आहे," विहीणबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "डोंबिवलीला गेल्यावर हिला आंघोळ मीच घालणार. माझ्या मुलांना माझ्या सासूबाईंनी न्हाऊ घातलं. मी कधी पायांवर मूल घेतलेलंच नाही. तोंडाने म्हटलं मी घालीन, पण येत नाही मला. शिकवाल?"

यमुनाबाई आता हसल्या. सगळा चेहरा सुरकुतला.

"नखं दाखवा."

विहीणबाईंनी बाळ राहीकडे दिलं आणि शाळेत दाखवतात तसे दोन्ही हात उपडे पुढे केले. यमुनाबाईंनी एकेक बोट धरून बघितलं, दोन नखांवर बोट ठेवलं. विमलाने कात्री आणून दिली. नखं कापून झाल्यावर त्यांनी विहीणबाईंना न्हाणीत नेऊन पाटावर बसवलं.

"पाय पसरा. आजून. गुडघे जवळ घ्या, मधे फट नको, पोर खाली जाईल. पाठ ताठ. घाबरता कशाला? ती तुमची नात हाय, तुमाला खात नाय."

विहीणबाईंच्या भारी पातळाचे काठ ओले झाले. धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. यमुनाबाईंनी बाळाला उपडं करून त्यांच्या नडग्यांवर ठेवलं, त्यांचा एक हात बाळाच्या मानेखाली नेऊन नीट बसवला आणि स्वतः बाजूला उकिडव्या बसल्या. बाळाने मान वळवून एकदा त्या अनोळखी पायांचा अंदाज घेतला. रडलं नाही.

"धार हातावर फोडा," यमुनाबाई म्हणाल्या. "पोरावर नाय. हां. आता बोला तिच्याशी कायतरी."

"काय बोलू?" विहीणबाईंनी विचारलं.

"काय पन. सासूची चुगली करा. तिला आवडतं."